पेव उघडायला वेळ लागतो

घटस्थापनेच्या आधीचे दोन-तीन दिवस तुळजापूरच्या घाटात उभं राहून पाहावं. तुळजाभवानीच्या देवळात पेटवलेली ज्योत हातात घेऊन गावोगावची पोरं घाट उतरत असतात. मागं टेम्पो, टेम्पोत पंधरा-वीस जण, भोंग्यावर गाणी, आणि बऱ्याच जणांच्या पायात काहीच नाही. एक जण ज्योत घेऊन जीव खाऊन पळतो, दम संपला की दुसऱ्याच्या हाती देतो आणि टेम्पोत चढून बसतो. ज्योत विझू द्यायची नाही आणि घट बसायच्या आत गावात पोचवायची, एवढेच दोन नियम. कुणाचं गाव तीस किलोमीटरवर, कुणाचं कर्नाटकात, कुणाचं पार दोन दिवसांच्या वाटेवर.

पंधरा दिवसांनी त्याच रस्त्यावर उलट्या दिशेनं माणसं येतात. कोजागरीला सोलापूरच्या रूपाभवानी मंदिरापासून निघायचं आणि चालत तुळजापूर गाठायचं. अंतर साधारण 45 किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरपेक्षा थोडं जास्तच. या वाटेनं लाखो लोक जातात. त्यांत साठीच्या बायका असतात, दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसणारे असतात, कडेवर लेकरू घेतलेले असतात. त्यांच्यातल्या कुणी सराव म्हणून वर्षभरात काही केलेलं नसतं. तरी तामलवाडी ओलांडून, माळुंब्रा मागं टाकून, पाय ओढत का होईना, पहाटेपर्यंत ते घाट चढून येतात.

आता दुसऱ्या दिवशीची गोष्ट. कोजागरीच्या आजीबाईंच्या तळपायाला फोड असतात. दोन दिवस मिठाच्या गरम पाण्यात पाय घालून बसल्या की त्या कामाला लागतात. ज्योत आणणारा बावीस वर्षांचा पोरगा मात्र चार दिवस जिना आडवा होऊन उतरतो आणि खाली बसायचं म्हटलं की भिंत धरतो. आजी धडधाकट आणि नातू लेचापेचा, असं काही त्यात नसतं. दोघांनी आपापल्या शरीराकडून दोन वेगळी कामं करून घेतलेली असतात. हौशी माणसाला लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करायची असेल, तर हा फरक आधी समजून घ्यावा. माझ्या मते बाकीची सगळी माहिती त्याच्यानंतर येते.

आपल्या जिल्ह्यात पळण्याचा तुटवडा नाही. धाराशिव हे खो-खोचं गाव आहे. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार सारिका काळे इथलीच, आणि 2020 चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. पण खो-खोचं पळणं म्हणजे झटका, वळण, हुलकावणी; पाठोपाठ पंधरा-वीस किलोमीटर त्यात येत नाहीत. दुसरं पळणं भरतीचं. पहाटे कळंब, भूम, उमरगा, परंडा, कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर जा, पोरापोरींचे घोळके दिसतील. महाराष्ट्र पोलिसांच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं, आणि 50 पैकी 20 गुण त्या एका पळण्यावर असतात. साहजिकच या पोरांच्या डोक्यात पळणं म्हणजे पाच-सव्वापाच मिनिटांत फुप्फुस तोंडाशी आणणं, असं समीकरण पक्कं बसलेलं असतं.

त्यांच्यातल्याच एखाद्याला हाफ मॅरेथॉनची, म्हणजे 21 किलोमीटर आणि वर 97 मीटरची, हौस येते. तो पहिल्या रविवारी 1600 मीटरच्या वेगाला थोडा लगाम घालून सुटतो, चौथ्या किलोमीटरला बरगडीखाली कळ येते, सहाव्याला तो चालायला लागतो आणि आपल्यात दम नाही असं ठरवून घरी येतो. अशा पोराला शेजारून तुरुतुरु पळणाऱ्या पन्नाशीच्या माणसानं सांगितलं, की बाबा, हळू पळ, तर उत्तर ठरलेलं असतं.

“काका, एवढं हळू पळून काय उपयोग हो? त्यापेक्षा चाललेलं बरं की.”

“मग चाल की. कोण नको म्हणतंय?”

काकांचं उत्तर शास्त्राला धरून आहे. का, ते समजायला आपल्याकडची धान्य साठवायची जुनी रीत उपयोगी पडेल.

पूर्वी ज्वारी दोन ठिकाणी असायची. घरात कणगी, तिच्यातून रोजच्या भाकरीपुरतं काढायचं. हात घातला की धान्य हातात. आणि जमिनीखाली पेव, वर्षा-दोन वर्षांची बेगमी. पेव उघडायचं म्हणजे सोहळा असे. तोंडावरची माती काढायची, झाकण बाजूला करायचं आणि लगेच आत उतरायचं नाही. आतली हवा कोंडलेली, विषारी झालेली असते. वारं आत शिरू द्यायचं, दिवा सोडून बघायचा, मग माणूस उतरणार. घाई करणारे पेवातच राहिल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत.

शरीरातही इंधन असंच दोन जागी असतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, तिला ग्लायकोजेन म्हणतात, ही आपली कणगी. साध्या माणसात ती चारशे-पाचशे ग्रॅम भरते, म्हणजे ढोबळ मानानं 1600 ते 2000 कॅलरी. चरबी हे पेव. साठ किलोच्या सडपातळ माणसातही साठ-सत्तर हजार कॅलरी पुरतील इतकी चरबी असते. पळताना किलोमीटरमागं किलोला साधारण एक कॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाला हाफ मॅरेथॉनला बाराशे-तेराशे, पूर्ण मॅरेथॉनला अडीच हजार. हिशेब केला की कळतं, नुसत्या कणगीवर बेचाळीस किलोमीटर निघत नाहीत. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला भलेभले रस्त्याच्या कडेला बसतात, त्याचं मुख्य कारण हेच. कणगीचा तळ लागलेला असतो.

आणि पेवाला हवा लागते. चरबी जाळायची तर स्नायूला भरपूर प्राणवायू हवा आणि थोडा वेळही हवा. वेग वाढवला, धाप लागली, की शरीर पेवाचा नाद सोडून कणगीत हात घालतं, कारण तिथलं इंधन पटकन मिळतं आणि प्राणवायू कमी पडला तरीही जळतं. दर वेळी धापा टाकत पळणारा माणूस वर्षभर कणगीच रिकामी करतो आणि भरतो. त्याचं पेव असतं, पण ते उघडायची सवय शरीराला लागत नाही. हळू आणि लांब पळण्यानं ती लागते. स्नायूंच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्ट्या वाढतात, त्यांच्याभोवती बारीक केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं. सहा-आठ आठवड्यांनी तोच माणूस त्याच दमात थोडा जास्त वेगानं पळतो. त्याला वाटतं चमत्कार झाला.

हळू म्हणजे किती? घड्याळ नको. शेजारच्याशी सोयाबीनच्या भावाबद्दल पूर्ण वाक्यांत तक्रार करता आली पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास तुटला, तर वेग जास्त झाला. एकटे असाल तर स्वतःशी बोला. पहाटे पाच वाजता तुम्हाला वेडं ठरवायला कुत्र्यांशिवाय कुणी नसतं.

भरतीच्या पोरांना हे पटत नाही, म्हणून त्यांच्यासाठी एका चपलाबुटांच्या कारखान्यातल्या माणसाची गोष्ट. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातला आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात कामाला होता आणि हौसेनं पळायचा. किती पळावं, हे त्यानं स्वतःच्या शरीरावर वर्षानुवर्षं करून पाहिलं आणि आठवड्याला शंभर मैलांच्या आसपास येऊन थांबला. मग गल्लीतल्या पोरांना त्यानं तेच करायला लावलं. त्यातला पीटर स्नेल 800 मीटरचा गडी, म्हणजे दोन मिनिटांच्या आतलं काम. त्यालाही लिडियार्ड रविवारी डोंगरातल्या 22 मैलांच्या, म्हणजे सुमारे 35 किलोमीटरच्या वाटेवर घेऊन जायचा. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेलनं 800 मीटरचं सुवर्ण जिंकलं. त्याच दिवशी, काही वेळातच, लिडियार्डच्याच हाताखालच्या मरे हालबर्गनं 5000 मीटरचं जिंकलं. 800 मीटरसाठी 35 किलोमीटर पळणाऱ्यापुढं, 1600 मीटरसाठी आठ-दहा किलोमीटर सावकाश पळायला सांगणारे आमचे काका तसे दयाळूच म्हणायचे.

जवळचं उदाहरण हवं असेल तर शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा गाव आहे. अविनाश साबळे तिथला. लहानपणी शाळा सहा किलोमीटरवर. येणं-जाणं चालत आणि पळत. पुढं लष्करात महार रेजिमेंट, तिथं पळण्याला शिस्त लागली. 2020 साली दिल्लीत त्यानं हाफ मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पूर्ण केली. भागाकार करून बघा, किलोमीटरला 2 मिनिटं 52 सेकंद. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत पळणारा भरतीचा पोरगा किलोमीटरला 3 मिनिटं 14 सेकंद घेतो, आणि शेवटी मैदानात आडवा पडतो. साबळे त्याहून जोरात पळत एकवीस किलोमीटर गेला. ही ताकद शाळेच्या वाटेपासून वर्षानुवर्षं साठत आली, तिला एखाद्या हंगामात गाठायला जाऊ नये. मराठवाड्यातलीच परभणीची ज्योती गवते 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. आणखी मागं जायचं तर बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन पळाले आणि 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. ती शर्यत आजच्या अंतरापेक्षा लांब होती, 42.75 किलोमीटर. शंभर वर्षांपूर्वी, परक्या थंडीत. आजही हौशी माणसानं तीन तासांच्या आत मॅरेथॉन केली, तर त्याच्या गल्लीत फलक लागतो.

आता ज्योतवाल्या पोराच्या मांड्यांकडे वळू. त्याला जिना का उतरता येत नाही? तो उताराला पळाला म्हणून. चढ चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतारावर तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन रोखून धरतो, दोराला लोंबकळणाऱ्या बादलीला हळूहळू सोडावं तसा. या प्रकारच्या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक चिरा पडतात. वेदना लगेच येत नाही; एका दिवसानं सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते. तुळजापूर साडेसहाशे मीटर उंचीच्या आसपास, सोलापूर साडेचारशेच्या. त्यातला बराचसा उतार सुरुवातीच्या घाटातच संपतो, आणि तिथंच पोरं ताजी, अंगात आलेली, ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात सुसाट असतात. वर प्रत्येक फेरीनंतर टेम्पोत बसून पाय गार करून घ्यायचे आणि पुन्हा एकदम सुटायचं. स्नायूंना छळायची याहून चांगली पद्धत मला तरी सुचत नाही. श्रद्धेबद्दल माझी काही तक्रार नाही. महिनाभर आधी आठवड्यातून एकदा छोट्या उतारावर बेतानं पळालं, तर यातलं निम्मं दुखणं होणार नाही, कारण स्नायू हा धडा एकदा घेतला की काही आठवडे विसरत नाही.

स्नायू निदान दुखून सांगतात. हाडं आणि स्नायूबंध गप्प बसतात, आणि हौशी धावकाला खरा दगा तिथंच होतो. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीचपट भार पायावर येतो. अडीच तासांच्या हाफ मॅरेथॉनमध्ये अशी पंचवीसेक हजार पावलं पडतात. हाड नव्या भाराला तोंड देण्यासाठी स्वतःला नव्यानं बांधतं, पण बांधण्याआधी जुनं खणून काढतं. घराची भिंत पाडून नवी उभारताना मधले काही दिवस छपराखाली टेकूच असतो, तशी काही आठवडे हाडाची स्थिती असते. इकडं दम मात्र महिन्या-दीड महिन्यात सुधारलेला असतो. धावकाला वाटतं आता आपण तयार झालो, तो अंतर एकदम वाढवतो, आणि नडगीला कळ लागते. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत नडगी, गुडघा, टाच यांची दुखणी घेऊन डॉक्टरकडे जाणाऱ्यांत आळशी माणूस नसतो, उत्साही असतो.

मग अंतर किती वाढवायचं? आठवड्याला दहा टक्के, असं सगळीकडं ऐकायला मिळतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथं पाचशेहून जास्त नव्या धावकांवर हा नियम तपासला गेला. दहा टक्क्यांचा नियम पाळणारे आणि थोडं भरभर वाढवणारे, दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. आकड्यात जादू नाही, एवढं त्यातून कळतं. नडगीच्या हाडावर बोट दाबून एकाच ठिकाणी जीव जाईल अशी वेदना झाली, किंवा पळायला लागल्यावर दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, तर त्या आठवड्यात पळणं बंद. हा नियम दहा टक्क्यांपेक्षा खात्रीचा.

मुंबई मॅरेथॉन 2004 पासून जानेवारीत होते. हल्ली तिसरा रविवार ठरलेला असतो. ती डोळ्यापुढं ठेवली तर आपल्याकडं तयारीचं पंचांग सहज बसतं. सुरुवात भाद्रपदात, गणपतीच्या आगेमागे. वीस आठवडे हातात असतात. पहिला महिना पाच मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, आठवड्यातून तीन-चार दिवस. चालण्याची लाज वाटत असेल तर जेफ गॅलोवे आठवावा. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये 10,000 मीटर पळलेला हा अमेरिकन पुढं हौशी लोकांना मध्ये मध्ये चालायलाच शिकवत राहिला, आणि त्याच्या रीतीनं असंख्य लोकांनी मॅरेथॉन पूर्ण केल्या. कोजागरीपर्यंत रविवारचं लांब पळणं आठ-नऊ किलोमीटरवर यावं. हवी तर ती कोजागरी चालूनच काढा. रात्रभर पायांवर राहण्याचा तो उत्तम सराव आहे, मात्र पुढचा आठवडा सुट्टी. दिवाळीत फराळ आणि पाहुणे यांच्यापुढं कुणाचंही काही चालत नाही, तेव्हा तो आठवडा सरळ हलका ठेवावा. तीन आठवडे वाढवून चौथा कमी करायचा, या हिशेबात तो बसतोच. मार्गशीर्षात चौदा, पंधरा, सोळा. वेळ अमावास्येच्या सुमारास, म्हणजे आपल्या येळवशीला, सतरा-अठरा किलोमीटर झालेले असावेत. त्यापुढं वाढवायचं नाही. शेवटचे दोन आठवडे अंतर उतरवत न्यायचं, शरीराला डागडुजी करू द्यायची. येळवशीची भज्जी, उंडे आणि आंबील पोटभर खायला याहून चांगलं निमित्त नाही.

जोरात पळायचंच नाही का? पळायचं, पण आठवड्यातून एकदा. पाचातले चार भाग सावकाश आणि एक भाग जोरात, अशी वाटणी जगातल्या चांगल्या धावकांच्या वह्यांतून दिसते. हातलाई देवीच्या डोंगरासारखा चढ जवळ असेल तर तिथं सहा-आठ वेळा मिनिटभर जोरात वर जायचं आणि चालत खाली यायचं. चढावर वेग आपोआप मर्यादित राहतो, पायावर आदळआपट कमी होते. साताऱ्यात 2012 पासून यवतेश्वरच्या घाटात हाफ मॅरेथॉन होते. तिथं जायचं असेल तर हा चढाचा दिवस चुकवून चालणार नाही, आणि उताराचाही नाही. परतीचा घाट मांड्यांची परीक्षा घेतो.

रोजच्या खाण्यात बदल फारसा नको. ज्वारीची भाकरी, डाळ, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, दही यांवर माणूस मॅरेथॉन पळू शकतो. लांब पळायच्या आदल्या रात्री भात किंवा भाकरी थोडी जास्त, आणि पळण्यानंतर तासाभरात जेवण. पावडरचे डबे घेणं ही मला तरी खर्चिक हौस वाटते. दीड तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर वाटेत साखर पोटात गेली पाहिजे, कणगीत मूठभर टाकल्यासारखी. खिशात गुळाचे खडे किंवा खजूर चालतात. कुंथलगिरीचा पेढाही चालेल म्हणतील, पण खवा पळताना पोटात जड पडतो, तो शर्यतीनंतर.

पाण्याबाबत आपली भीती एकाच बाजूची आहे. उन्हाचा मुलूख, म्हणून सगळे सांगतात, पी, पी. पण 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावकांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यातल्या 13 टक्क्यांचं सोडियम प्रमाणापेक्षा खाली उतरलेलं होतं. पळताना ज्यांचं वजन उलट वाढलं होतं, म्हणजे ज्यांनी घामाच्या मानानं फार पाणी ढोसलं होतं, त्यांना हा धोका जास्त दिसला. तहान लागेल तेव्हा प्यावं. लांब पळायचं असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि चवीला लिंबू. लेकराला जुलाब झाल्यावर जे देतो तेच.

ऊन हा वेगळा विषय. मार्चनंतर आपल्याकडं सूर्य उगवल्यावर लांब पळणं हा हट्ट ठरतो. उन्हाशी शरीर दहा-चौदा दिवसांत जुळवून घेतं, घाम लवकर सुटायला लागतो, पण चाळिशी गाठलेल्या पाऱ्याशी कुणाचंही शरीर वाटाघाटी करत नाही. आपल्या बालाघाटावरच्या माणसाला मुंबईत मात्र दुसराच अडथळा भेटतो. जानेवारीत धाराशिवला पहाटे कोरडी थंडी असते, घाम अंगावरच वाळतो आणि शरीर गार राहतं. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. तोच वेग, तेच अंतर, पण हृदयाचे ठोके जास्त. इथं किलोमीटरला सात मिनिटं घेणाऱ्यानं तिथं सुरुवातीला सात मिनिटं वीस-तीस सेकंद धरावेत. शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ आहे, तिथं हे वाचवलेले सेकंद परत मिळतात.

बायकांना आपल्या रस्त्यांवर एकटीनं पळणं किती अवघड जातं, हे पुरुषांच्या पुस्तकांत सहसा येत नाही. अंधारात भीती, उजेडात नजरा. भरतीच्या मुलींनी यावर घोळक्यानं पळायचा उपाय काढलाय, आणि संसारी बायकांनी तो उचलायला काहीच हरकत नाही. दुसरी अडचण रक्तातली. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना पंडुरोग आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. हिमोग्लोबिन नऊ असेल तर पेवापर्यंत वारं पोचणार कसं? कितीही हळू पळालं तरी धाप लागते, आणि ती बाई स्वतःलाच दोष देत बसते. बूट घेण्याआधी रक्त तपासावं.

चाळिशी उलटलेल्यांनी, रक्तदाब-साखर असलेल्यांनी, घरात कुणी तरुणपणी हृदयानं गेलं असेल अशांनी डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करावी. भीती घालायचा हेतू नाही. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन पळलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख लोकांत 59 जणांचं हृदय शर्यतीत बंद पडलं. प्रमाण फार थोडं आहे. पण छातीत दाब आला, जबडा किंवा डावा हात दुखला, भोवळ आली, तर पदकाचा विचार न करता थांबायचं.

राहिला रस्ता. उसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावत असतात, चालकाच्या कानाशी गाण्यांचा कर्णा असतो, आणि रस्त्याच्या कडेला कुणी पळत असेल ही कल्पना त्याच्या मनातही नसते. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळावं. अंगात पांढरा सदरा असावा. पावसाळ्यात काळ्या रानात जाऊ नये, बुटाला दोन किलो माती चिकटते; मुरमाचा माळ किंवा गायरान बरं. कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक पोलीस दुसऱ्या मार्गानं वळवतात, आणि तेवढ्यापुरता तो रस्ता पायांचा होतो. एरवी तो राष्ट्रीय महामार्ग आहे. रविवारचे पंधरा किलोमीटर तिथं काढू नका, शिवारातल्या पाणंदीनं काढा.